आशाताई, त्या दिवशी मी खोटं बोलले

आशाताई,

आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही ‘असू द्या हो वहिनी’ म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

तिशीपुढच्यांचा तो फॉर्म भरायला तुम्ही आलात, तेव्हा ओट्यावर मामंजी बसले होते, शेजारचे भाऊजी तंबाखू मळत होते. बीपी झालं, शुगर झाली, मग आवाज खाली आणून तुम्ही विचारलंत, ‘छातीत गाठ?’ मी ‘नाही’ म्हटलं. तुम्ही तसं लिहून घेतलंत.

गाठ होती. दोन महिन्यांपासून होती. आंघोळीला बसले की हात आपसूक तिथे जायचा.

दुखत नव्हती, म्हणून मी निवांत. आमच्यात दुखल्याशिवाय खुरपणीचा रोज बुडवून दवाखाना कोण गाठतं? तपासायला पुरुष डॉक्टर असला तर? आणि गावात बभ्रा होऊन लेकीची सोयरीक मोडली तर? बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल एसटीनं पाऊण तासावर. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांच्या कॅन्सरची नोंद तिथं १९८७ पासून ठेवतात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. एवढं सगळं उशाला, आणि मी न्हाणीघरात एकटीच गाठ चाचपत बसलेली.

आठवड्यानं तुम्ही परत आलात, ओट्यावरून नाही, मागून गोठ्याकडून. मी शेण काढत होते. ‘त्या दिवशी माझंच चुकलं, चारचौघांत विचारलं,’ म्हणालात. मग पदराच्या टोकात हरभऱ्याचा दाणा ठेवून चार घड्या घातल्यात, माझे हात धुवायला लावलेत आणि तीन बोटं वर टेकवून गोल फिरवायला सांगितलंत. ‘असं काही लागतं का?’ मला रडूच फुटलं.

उपकेंद्रात सिस्टरनी पडदा ओढला आणि हातानं तपासलं. दहा मिनिटं लागली नसतील. मशीन नाही, काही नाही. मला तर ती तपासणीच वाटेना. लेक नर्सिंगला आहे, तिनं सांगितलं की टाटा हॉस्पिटलनं मुंबईत १९९८ पासून दीड लाख बायकांवर हेच पाहिलं. शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कागदावरही २०१६ पासून आहे, तीस ते पासष्टच्या बाईला पाच वर्षांतून एकदा ही तपासणी. कागदावर आहे हो. पण ओट्यावर विचारलं की उत्तर ‘नाही’च येणार.

पुढचं थोडक्यात सांगते. सुईची तपासणी, ऑपरेशन, केमो. महात्मा फुले योजनेत बसलं. रेशनकार्डावरचं माझं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला तुम्हीच दोनदा तहसीलला गेलात. बार्शीच्या चार खेपांना बरोबर आलात. ‘याचा मोबदला कुठल्या रकान्यात टाकू?’ म्हणून एसटीत हसत होतात. मला काही हसू आलं नाही.

केस परत आलेत, थोडे कुरळे.

परवा भाकरी थापता थापता जाऊबाईंनी हळूच विचारलं, ‘आशाताई कधी यायच्यात?’ का, ते मी विचारलं नाही. गुरुवारी मामंजी बाजाराला जातात. तेव्हा या, गोठ्याकडून.

तुमची,
वेशीजवळची वहिनी