स्प्रेडशीट बदलण्याआधी बेरजा जुळवून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एक्सेल ज्यात येते त्या ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था आणि छोट्या कारखान्यांच्या कार्यालयांपुढे त्यामुळे प्रश्न आहे: दरवर्षी वर्गणी भरून नवी एक्सेल घ्यावी, की लिबरऑफिसच्या कॅल्क या मोफत स्प्रेडशीटवर जावे? नवी एक्सेल घेऊन नाराज झालेले लोक तर रागाच्या भरातच कॅल्ककडे वळतात. हिशेबाच्या फायली अशा घाईत हलवणे धोक्याचे आहे, म्हणून हे पत्र.

आधी दोन नेहमीच्या तक्रारी. जुन्या सूत्रांत अचानक '@' चिन्ह दिसू लागते. नव्या एक्सेलमध्ये एकच सूत्र अनेक घरांत उत्तरे पसरवू शकते. जुने सूत्र एकच किंमत घेत होते, हे दाखवायला ते चिन्ह येते. उत्तर बदलत नाही. दुसरी तक्रार मॅक्रो, म्हणजे फायलीत साठवलेले छोटे प्रोग्राम, अडवले जाण्याची. मेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. फाइल खात्रीची असेल तर ती बंद करावी, तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि खालच्या 'अनब्लॉक'वर खूण करावी. त्याऐवजी सगळेच मॅक्रो सरसकट चालू करून ठेवण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. ती कृपया सोडा. या दोन कारणांसाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही.

दर वर्षाची वर्गणी प्रत्येक संगणकामागे परवडत नसेल, तर मात्र कॅल्कचा विचार जरूर करावा. कॅल्कच्या २४.८ आवृत्तीपासून एक्सलुकअप (यादीतून जुळणारी नोंद शोधणारे), फिल्टर, सॉर्ट ही फंक्शनेही आहेत, जी एक्सेल २०१९ मध्ये नाहीत. पण चाचणी नीट घ्या, कारण पहिली नजर इथे फसवते. एक्सेलची फाइल कॅल्कमध्ये उघडली की आकडे तंतोतंत दिसतात, ते बहुधा एक्सेलने फायलीत साठवून ठेवलेले जुने आकडे असतात. फाइल उघडताना पुन्हा गणित करायचे नाही, अशीच कॅल्कची मूळ सेटिंग आहे. म्हणून फायलीची प्रत उघडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबा. सगळी सूत्रे नव्याने चालतात आणि खरे दुखणे तेव्हा बाहेर येते.

हे करण्याआधी एक्सेलमध्येच प्रत्येक शीटच्या महत्त्वाच्या रकान्यांची बेरीज, 'काउंट' (आकडे असलेली घरे मोजणारे फंक्शन) आणि 'काउंटए' (काहीही भरलेली घरे मोजणारे) यांची उत्तरे लिहून ठेवा. नंतर कॅल्कमधले आकडे त्यांच्याशी ताडा. निव्वळ आकड्यांच्या रकान्यात काउंट कमी आणि काउंटए जास्त आला, तर काही आकडे मजकूर म्हणून बसले आहेत. बँकेच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या खातेउताऱ्यात हे सर्रास आढळते. मजकूर म्हणून बसलेले '१,२५०' साध्या अधिक चिन्हाच्या सूत्रात एक्सेल आकडा समजून घेते; कॅल्क स्वल्पविराम पाहून 'व्हॅल्यू' ही चूक दाखवते. बेरजेचे 'सम' फंक्शन मात्र दोन्हींकडे असा आकडा गुपचूप वगळते. चूक दिसली तर उलट बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारखांकडे तितकेच लक्ष हवे. संगणकाची रिजन सेटिंग अमेरिकेची असेल तर सीएसव्ही फाइलमधली (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) ०५/०४ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते आणि २५/०४ हा नुसता मजकूर राहतो. रकान्यात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हाच घोळ समजा. कॅल्क सीएसव्ही उघडताना आधी खिडकी दाखवते. तिथे तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष आणि खाते क्रमांकाला 'टेक्स्ट' निवडावे. खाते क्रमांक आकडा म्हणून घेतला तर सुरुवातीची शून्ये जातात आणि एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करते. एकदा सेव्ह झाल्यावर ते परत मिळत नाहीत.

सगळीकडे चालावी म्हणून फाइल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस (.xls) प्रकारात ठेवू नका. त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या नोंदींतून सुमारे १६,००० कोविड रुग्ण याच मर्यादेमुळे सुटले होते. नव्या एक्सएलएसएक्स (.xlsx) प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात.

मराठी फायलींचा प्रश्न वेगळा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली सभासदांची नावे, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा गूगल शीट्समध्ये रोमन अक्षरांचा गिचमिडा होऊन दिसतात. आधी ती युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) बदलून घ्या आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. गूगल शीट्सच वापरायचे असेल तर फाइल कारकुनाच्या वैयक्तिक खात्यात नको, संस्थेच्या खात्यात हवी.

पॉवर क्वेरीच्या (बाहेरून माहिती ओढून आणणारी एक्सेलची सोय) जोडण्या कॅल्कमध्ये ताज्या होत नाहीत, आणि बटणे व फॉर्म असलेले मॅक्रो अर्धवट चालतात किंवा अजिबात चालत नाहीत. अशा फायली मोजक्याच असतात. त्यांच्यासाठी एका संगणकावर सपोर्ट चालू असलेली एक्सेल ठेवावी, बाकीच्यांवर कॅल्क. बहुतेक संस्थांना हीच रचना परवडेल. एक फाइल मात्र आलटून पालटून दोन्हींत सेव्ह करू नये, घरांना आपोआप रंग देणारे नियम आणि छपाईची पाने बिघडतात. मार्चअखेर आणि ३० सप्टेंबरपर्यंतची वार्षिक सभा टाळून, ऑक्टोबर ते जानेवारीत बदल करावा. निदान एक पूर्ण महिना दोन्हींत हिशेब ठेवावा आणि मूळ फायली लेखापरीक्षण होईपर्यंत हात न लावता जपाव्यात.

आयकर विवरणपत्रांची एक्सेल युटिलिटी आणि जीएसटीआर-९ या जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राचे ऑफलाइन टूल मॅक्रोवरच चालते. कर भरणाऱ्याला त्यासाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे लागू नये. सरकारने ही साधने कॅल्कमध्येही तपासूनच प्रसिद्ध करावीत, अशी आग्रहाची मागणी आहे.

– एक लेखापाल, सांगली