बंड्याच्या मुसक्याबद्दल मंगलला पत्र

सातारा,
१२ मे २०२५

प्रिय मंगल,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व बरे आहोत. आईंचा रक्तदाब गोळीवर आणि माझे गुडघे सवयीवर चालले आहेत. पत्राचे कारण आपला कुत्रा बंड्या आहे. दुसऱ्या कोणाला सांगावे तर लोक हसतात, म्हणून तुलाच लिहिते. तुझा लाडका सध्या सिकाडा, म्हणजे झाडांवर किर्रर्र करणारे ते किडे, खातो.

एखाददुसरा खाल्ला असता, तर मी टपालाचा खर्च केला नसता. यवतेश्वरच्या उतारावर सध्या दिवसभर जी किर्रर्र चालते ती तुला ठाऊकच आहे. अंधार पडू लागला की यांची पिल्ले जमिनीतून वर येतात, अंगणातल्या आंब्याच्या आणि मागच्या जांभळीच्या बुंध्यावर चढून तिथेच कात टाकतात आणि पंख ताठ होईपर्यंत जागची हलत नाहीत. म्हणजे बंड्याच्या नाकाच्या उंचीवर रोज पान वाढलेले असते. ओले मऊ किडे, रिकाम्या काती, सकाळी झाडाखाली पडलेले मेलेले, यांतले काहीही तो वर्ज्य मानत नाही. खारे शेंगदाणे टाकावेत तसे तोंडात टाकतो आणि चावण्याचे कष्ट घेत नाही. नर सापडला की तो तोंडातच कर्कश ओरडतो, आणि त्यामुळे बंड्याला अधिकच चेव येतो.

परवा पहाटे त्याला उलटी झाली, तिच्यात निम्मी टरफलेच होती. दुपारपर्यंत आणखी उलट्या, जुलाब, आणि भाकरीकडे पाठ! भाकरीकडे पाठ फिरवणारा बंड्या तू तरी कधी पाहिला आहेस का? पोवई नाक्यापर्यंत रिक्षाने नेले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि मला समजावले की सिकाडा विषारी नाही, तो डंख मारत नाही, दोन-चार पोटात गेले तरी बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही; पण त्याचे कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असते, ते कुत्र्याला नीट पचत नाही, आणि ढीगभर खाल्ल्यास पोट बिघडते. क्वचित त्या टरफलांचा गोळा आतड्यात अडकतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही. पुन्हा पुन्हा उलटी होणे, पाणीही न ठरणे, शौचास न होणे, पोट ताठ होऊन हात लावू न देणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही, असे त्यांनी बजावले आहे. आता तो पेज पितो आणि माझ्यावर रुसतो, तेव्हा बरा आहे असे समजायला हरकत नाही.

माझी खरी काळजी पुढच्या आठवड्यांची आहे. शेजारच्या बागेत आंब्यांवर फवारणी झाली की तिथले किडे आमच्या अंगणात येऊन पडतात, आणि ते औषध याच्या पोटात किती जाईल याचा हिशेब कोण ठेवणार? मी पहाटे झाडाखाली झाडते, अंगणातला दिवा बंद ठेवते कारण दिव्याकडे हे किडे झेपावतात, आणि तिन्हीसांजेला त्याला घरात घेते. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातले टाकले की उकडलेल्या अंड्याचा तुकडा देते. तो आता अंड्यासाठी मुद्दाम किडा धरून आणतो. त्याची बुद्धी तुझ्याकडची आहे, हे मी पूर्वीपासून म्हणत आले आहे.

तुमच्या अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे बरे आहे. २०२१ साली तू फावड्याने किडे भरतानाचा फोटो पाठवला होतास, आणि या महिन्यात तुमच्या भागात दुसरी तुकडी, म्हणजे एकाच वर्षी एकदम जमिनीतून वर येणारी दुसरी पिढी, निघणार म्हणे. एकरी १५ लाखांपर्यंत किडे निघू शकतात हे वाचून मला घाम फुटला. पण एक तुकडी गेली की तीच १७ वर्षांनी परत येते. मेघालयात री-भोई जिल्ह्यात दर ४ वर्षांनी येणारी एक जात आहे, आणि तिथे तर माणसेच ते किडे आवडीने खातात. आमच्या डोंगरावर मात्र दर उन्हाळ्यात कोणत्या ना कोणत्या पिढीची पाळी असतेच, तेव्हा ही काळजी दरवर्षीची समज.

आता मुख्य मुद्दा. पाऊस नीट लागून हा बाजार उठेपर्यंत मी बंड्याला साखळीशिवाय बाहेर सोडणार नाही आणि फिरायला नेताना मुसके घालणार आहे. अजिंक्यताऱ्यावर साखळीवरून तू माझ्याशी जे भांडलीस, आणि उतरेपर्यंत दादांना मध्ये घालून बोललीस, ते मी विसरलेले नाही. याला कधी बांधायचे नाही, हे जाताना तू माझ्याकडून वदवून घेतलेस तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आज तो अकराचा आहे, आणि पोट उघडायची वेळ आली तर भूल सोसेल का, याचे उत्तर डॉक्टरांनी मान हलवून दिले. तुझे तत्त्व तरण्या कुत्र्यासाठी योग्य होते.

मुसके कापडी, तोंड आवळणारे नसेल. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, त्यामुळे या उन्हात तसले मुसके किड्यांपेक्षा घातक ठरेल. जाळीचे, आत तोंड उघडता येईल आणि पाणी पिता येईल असे घेणार आहे, आणि तेही फक्त फिरण्यापुरते. जाळीची भोके बारीक हवीत, नाहीतर हा गृहस्थ जीभ घालून काती ओढून घेईल.

सलीलचे कॉलेजचे नक्की झाले का? भाऊजींच्या खांद्याचे काय झाले? काकूंना मी पेढे पोचवले आहेत, साखरेबद्दल त्यांना तूच रागाव.

मुसक्यासाठी बंड्याच्या तोंडाचे माप घेतले आहे. तो सुताला दोनदा चावला. दुकानदार गुरुवारी पुण्याहून माल आणणार आहे. भांडायचे असेल तर त्याआधी फोन कर, पण फोन बंड्याच्या कानाला लाव असे म्हणू नकोस. मागच्या वेळी तुझा आवाज ऐकून तो फाटकापाशी जाऊन बसला आणि जेवायला आला नाही.

तुझी,
उज्ज्वला