माशांच्या पोटातले धागे मोजा

संपादक महोदय,

नदीत मेलेल्या माशांचा खच दिसला की पाण्याचे नमुने घेतले जातात, प्राणवायू कमी पडल्याचा अहवाल येतो आणि विषय मिटतो. जिवंत माशांच्या पोटात किती प्लॅस्टिक आहे हे पाहिले जात नाही, कारण नियमात ते सांगितलेलेच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठीचे पाणी ‘डी’ वर्गात मोडते. त्याच्या अटी तीनच : सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम.

प्लॅस्टिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅरीबॅग येते. बंदीही तिच्याच भोवती फिरते. राज्यात २०१८ साली बंदी आली, देशात ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. (जाड पिशवीही उन्हात पिचून तुकडे होतेच, फक्त जरा उशिरा.) माशाच्या आतड्यात मात्र बहुतेकदा सापडतात ते पाच मिलिमीटरहून लहान धागे. पॉलिएस्टरची साडी, ॲक्रिलिकचा स्वेटर, नायलॉनचे मोजे दर धुण्याला झडतात. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मांडलेला अंदाज असा की ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त धागे सुटतात. पुणे-पिंपरीच्या मोऱ्यांचे पाणी नाल्यांतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि उजनीत येते. धरणाच्या संथ फुगवट्यात जड धागे गाळाबरोबर खाली बसतात. तोच गाळ चिलापी (तिलापिया मासा) चिवडते.

कोणत्या माशाच्या पोटात काय जाईल, हे तो कुठे चरतो यावरही ठरते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पॉलिथिन पाण्याहून हलके, म्हणून तरंगते. नायलॉनची घनता १.१४, पॉलिएस्टरची १.३८, म्हणून ते बुडतात. तरंगत्या तुकड्यावर शेवाळ चढले की तोही खाली जातो. तेव्हा एकाच जातीचे चार मासे तपासून नदीबद्दल काही सांगता येणार नाही.

तपासणी अवघड नाही, पण हलगर्जीपणा चालत नाही. अख्खे आतडे काचेच्या बरणीत ठेवून त्याच्या किमान तिप्पट आकारमानाचे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ओतायचे आणि ६० अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवायचे. मांस विरघळते, प्लॅस्टिक उरते. तापमान त्याहून वाढवले तर पॉलिएस्टरच खराब होऊ लागते आणि आकडा कमी येतो. मग गाळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. रोहूच्या पोटातला वनस्पतींचा चोथा आणि सुती धागे या द्रावणाला दाद देत नाहीत. ते प्लॅस्टिक म्हणून मोजले गेले की आकडा फुगतो. तापलेली सुई टेकवली की प्लॅस्टिक वितळून आकसते, सूत जळून काळे पडते. शेवटची खात्री इन्फ्रारेड वर्णपटानेच होते. सगळ्यांत मोठा चोर तपासणाऱ्याच्या अंगावरचा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा शर्ट! म्हणून सुती ॲप्रन हवा आणि शेजारी मासा न घातलेली, फक्त द्रावणाची एक बरणीही हवी. त्या बरणीत धागे निघाले तर ते हिशेबातून वजा करावे लागतात.

याचा अर्थ ग्राहकांनी मासे सोडावेत असा नाही. हे तुकडे मुख्यतः आतड्यातच असतात आणि मोठा मासा साफ करताना आतडे निघून जाते. प्रश्न बोटाएवढ्या मासळीचा आणि झिंग्यांचा, कारण ते पोटासकट खाल्ले जातात. तपासणीची सुरुवात तिथूनच व्हावी.

सांडपाणी प्रकल्पांत बहुतेक धागे अडतात, पण ते गाळात अडतात. तो गाळ खत म्हणून शेतात पसरला की पावसात पुन्हा ओढ्याला लागतो. प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर या गाळातल्या प्लॅस्टिकचीही मोजणी बंधनकारक करावी. फाटलेली तंगूसची (नायलॉनच्या दोऱ्याची) जाळी काठावर टाकली किंवा जाळली जातात, त्यांचेही तुकडे पाण्यात येतात. मत्स्यव्यवसाय विभागाने जाळ्यांना अनुदान देताना जुने जाळे वजनावर परत घ्यावे आणि त्याची नोंद मच्छीमार संस्थेच्या दप्तरात ठेवावी.

– एक मत्स्य अभ्यासक, पुणे