समुद्र पाहायला यावे म्हणून

जिंतूर,
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आम्ही चौघेही मुंबईहून सुखरूप परतलो हे फोनवर कळवलेच आहे. परंतु फोनवर सगळे सांगून होत नाही, आणि बाबा, तुमचा विश्वास कागदावरच्या हिशेबावर अधिक आहे हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, म्हणून काल तुळशीचे लग्न उरकल्यावर आज सवडीने लिहायला बसले. निघण्यापूर्वी तुम्ही म्हणाला होतात की मुंबई म्हणजे पैशाचा चुराडा. या वर्षी अतिवृष्टीने सोयाबीन हातचे गेले, तेव्हा खर्चाचे नाव निघताच तुमच्या कपाळाला आठी पडते, यात तुमचे काही चुकत नाही. तरीही हिशेब पाहा. चार माणसे, चार दिवस, आणि वहीत शेवटी बेरीज आली ७,१४० रुपये. तुरीच्या एका क्विंटलचा यंदाचा हमीभाव ८,००० रुपये आहे, त्याहूनही ही रक्कम कमी आहे. यातले जवळजवळ २,९०० रुपये जाण्यायेण्याच्या रेल्वे तिकिटांचेच होते.

मुक्काम कळव्याला मावशीच्या बाळूदादाकडे केला. त्याची एकच खोली आणि लहानसे स्वयंपाकघर आहे. रात्री पलंग उभा करून सगळ्यांची अंथरुणे घातली जात. वहिनींनी एकदाही तोंड वाकडे केले नाही. आई, तू दिलेली तुरीची डाळ आणि हळद त्यांना फार आवडली. लॉजचे भाडे वाचले म्हणूनच ही सहल आम्हाला परवडली, हे आधीच सांगते. नाहीतर निम्मा पैसा नुसत्या झोपण्यात गेला असता.

फिरण्याचा खर्च इतका कमी येईल असे मलाही वाटले नव्हते. लोकलसाठी दर वेळी रांगेत उभे राहण्याऐवजी आम्ही पर्यटक तिकीट घेतले. ते १, ३ किंवा ५ दिवसांचे मिळते आणि तेवढ्या मुदतीत कोठेही, कितीही वेळा चढता-उतरता येते. दुसऱ्याच दिवशी त्याचा उपयोग झाला. परत येताना घाईत आम्ही फास्ट गाडीत बसलो. कळव्याला फक्त स्लो गाड्या थांबतात हे ध्यानात राहिले नाही, आणि ठाणे सोडल्यावर आमचे स्टेशन डोळ्यांदेखत मागे पडले. डोंबिवलीला उतरून उलटी गाडी धरावी लागली. साधे तिकीट असते तर वर दंडही भरावा लागला असता. टॅक्सीच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी फसलो. एकाने मीटर न टाकता थोड्याशा अंतराचे ३०० रुपये घेतले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे कमीत कमी भाडे ३१ रुपये असल्याचे नंतर बाळूदादाने सांगितले. त्यानंतर आम्ही बेस्टच्या बसनेच फिरलो. तिचे कमीत कमी भाडे १० रुपये आहे, आणि खिडकीशी बसले की शहर सावकाश पाहायला मिळते.

मुलांसाठी भायखळ्याची राणीची बाग केली. दोन मोठी माणसे आणि दोन मुले अशा कुटुंबाला तेथे १०० रुपयांचे तिकीट आहे. फक्त बुधवारी बाग बंद असते. घारापुरीच्या लेण्यांना मात्र मी मुद्दाम फाटा दिला. वेरूळचे कैलास लेणे दोनदा पाहिलेल्या माणसांनी बोटीवर पैसे घालावेत असे मला वाटले नाही. गेटवे ऑफ इंडियापाशी, त्याच बोटींच्या धक्क्यावर, आम्ही फुकटात दोन तास बसलो. १९२४ साली बांधून पूर्ण झालेल्या त्या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण निघून गेली, हे मी मुलांना सांगितले; आणि त्या दिवशी आपला मराठवाडा अजून निजामाच्याच राज्यात होता, तो मोकळा व्हायला १७ सप्टेंबर उजाडावा लागला, हेही सांगितले. बाबा, तुमचा जन्म त्याच वर्षीचा. आजी तुम्हाला पोटाशी धरून रझाकारांच्या भीतीने ज्वारीत लपून बसली होती, ती गोष्ट ओंकारने तेथेच पुन्हा दोनदा सांगायला लावली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते सांगते. सप्तमीला दुपारी आम्ही दादरला गेलो, चैत्यभूमीचे दर्शन घेतले आणि तेथल्याच वाळूवर बसलो. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. आत पाऊल टाकताच मुलेही आपोआप गप्प झाली. तीन वाजता वाळू बरीच रुंद होती. सईने काठीने ओल्या वाळूत आपले नाव लिहिले, त्यापासून वीसेक पावलांवर मी दशम्यांचे फडके सोडले आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. चार वाजता नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत पाणी आले. थोड्या वेळाने नाव गेले, मग आम्हाला फडके उचलून मागे सरकावे लागले, आणि पाच वाजून गेल्यावर लाट आमच्या पहिल्या जागेवरून फेस ओढत परत जात होती. कोणी धरणाचे दार उघडले नव्हते, पाऊस नव्हता, वाराही बेताचाच होता.

शेजारी एक वयस्क कोळीण बसली होती. तिला विचारले तेव्हा तिने जे सांगितले ते ऐकून मला पहिली आठवण तुमची झाली. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. सप्तमी, म्हणजे सात गुणिले पाऊण, सव्वापाच. पहाटे सव्वापाचला एकदा आणि संध्याकाळी सव्वापाचला एकदा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सप्तमी-अष्टमीची भरती बेताची, तिला भांग म्हणतात. खरे उधाण अमावस्येला आणि पौर्णिमेला येते. बाबा, रोज सकाळी चहाच्या आधी तुम्ही पंचांग उघडता, पेरणीपासून आईच्या उपासांपर्यंत सगळे त्यातून सांगता, आणि त्याच तिथीवर एवढे पाणी हलते ते मात्र तुम्ही ७७ वर्षांत पाहिलेले नाही, याचे मला तेथे बसून फार वाईट वाटले. पैठणला नाथसागर पाहिला, समुद्र त्याहून निराळा तो काय असणार, असे तुम्ही नेहमी म्हणता. नाथसागर मीही पाहिला आहे, बाबा. हे फार निराळे आहे.

म्हणून तुम्ही दोघांनी यावे आणि मी सोबत असावे, असे मी ठरवले आहे. गावाकडून सेलूपर्यंत एसटीत बाबांना पंचाहत्तरीनंतरचा प्रवास मोफत आहे आणि आईला अर्धे तिकीट. मुंबईपर्यंतही एसटीने जाता येईल, पण रात्रभर बसून आईचे गुडघे धरतील. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद असली तरी सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये आडवे झाले की सकाळी मुंबई येते, आणि खालचा बर्थ मिळावा अशी नोंद मी तिकीट काढतानाच करीन. तेथे गेल्यावर लोकलचा प्रवास अकरा ते चार या वेळेतच करू. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तुम्हाला मी चढवणार नाही. दादरला आणि ठाण्याला सरकते जिने आहेत. आई, त्यावर पाऊल ठेवताना मी तुझा हात धरीन. तुझी दुसरी, स्वच्छतागृहाची काळजी मला ठाऊक आहे, तिचीही सोय मोठ्या स्टेशनांवर असते. मी स्वतः पाहून आले आहे. तिघांचा खर्च मी ५,००० रुपयांच्या आत बसवला आहे, आणि तो माझ्या पगारातून बाजूला काढायला या महिन्यापासून सुरुवात केली आहे. त्यावरून कृपया वाद घालू नये.

माघ पौर्णिमा मला सर्व दृष्टींनी योग्य वाटते. तोवर तुरीची रास झालेली असेल, ज्वारी काढणीला यायला अवकाश असेल, आणि पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकराला, चांगल्या उन्हात, उधाणाची भरती पाहायला मिळेल. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मला तिकिटे काढावी लागतील. राखणीला कोणाला ठेवायचे आणि म्हशीची धार कोण काढील, एवढे तुम्ही काकांशी बोलून त्याआधी कळवावे.

तुमची,
मुक्ता