'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' हे वाक्य कुणासाठी?

प्रिय आई-बाबा,

आई, शेजारच्या काकू गेल्या, त्यांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नव्हता, मग त्यांच्या तारणाचं काय, हे तुझ्या मनाला लागून राहिलंय. बाबांनी ऐकवलेलं 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' हे वाक्य खरं आहे, ख्रिस्तसभेने, म्हणजे कॅथलिक चर्चने, ते कधी मागे घेतलेलं नाही. पण ते काकूंना उद्देशून नाही.

साधारण 256 मध्ये कार्थेजच्या संत सिप्रियन यांनी ते लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर फुटून निघालेले ख्रिस्ती होते. त्यांनी दिलेला स्नानसंस्कार व्यर्थ, असं संतांचं म्हणणं होतं. पोप स्टीफन यांनी ते मानलं नाही, आणि पुढे ख्रिस्तसभा पोपच्याच बाजूने गेली. म्हणून पाणी आणि त्रैक्याचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नाव नीट असेल, तर कॅथलिक होणाऱ्या प्रोटेस्टंट माणसाला आजही पुन्हा स्नानसंस्कार देत नाहीत.

बाबा, सर्वात कडक शब्द आहेत ते 1442 चे, फ्लॉरेन्सच्या धर्मसभेचे. मरणापूर्वी आत न आलेले सगळे अग्नीत. सुवार्ता सगळीकडे पोचली आहे आणि बाहेर राहणारा ती जाणूनबुजून नाकारतोय, अशी तेव्हाची समजूत. मग अमेरिका सापडली, आणि येशूचं नावही ज्यांच्या कानी गेलं नव्हतं असे देशच्या देश समोर आले. 1539 मध्ये सालामांकाचे डॉमिनिकन फादर फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी स्पष्ट सांगितलं की, नुसतं कुणी येऊन सांगितलं म्हणून विश्वास ठेवायला हे लोक बांधील नाहीत. आणि सांगणाऱ्यांचे अत्याचार डोळ्यांसमोर असताना तर नाहीतच.

1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने लिहिलं, स्नानसंस्काराशिवाय 'किंवा त्याच्या इच्छेशिवाय' माणूस नीतिमान ठरत नाही. त्या एका 'किंवा'मधून पुढची वाट निघाली.

अमेरिकेत बॉस्टनजवळ फादर लिओनार्ड फीनी, कॅथलिकांखेरीज कुणाचंच तारण नाही असं शिकवून, ही वाट बुजवायला निघाले, तेव्हा 8 ऑगस्ट 1949 ला रोमहून तिथल्या आर्चबिशपना पत्र गेलं. त्यात म्हटलं होतं, ही इच्छा उघडच असायला हवी असं नाही. आपला दोष नसताना जो अज्ञानात आहे, त्याच्या देवाच्या मर्जीप्रमाणे वागण्याच्या वृत्तीत ती दडलेली असू शकते. मात्र ती परिपूर्ण प्रीतीने भरलेली हवी, सोबत अलौकिक श्रद्धा हवी. ही अट लोक गाळतात आणि 'सगळं सारखंच' म्हणून मोकळे होतात. मला ते फीनींच्या हट्टाइतकंच चुकीचं वाटतं. रोमने बोलावूनही ते गेले नाहीत, म्हणून 1953 मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. 1972 मध्ये पुन्हा सामावून घेतलं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये हेच पुढे नेलं. तिच्या 'लुमेन जेन्सियुम' या ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजाचा परिच्छेद 16 म्हणतो, अशा माणसाला तारण मिळू शकतं. 'मिळतंच' असं नाही. आशा आहे, हमी नाही. पण बाबा, त्याआधी परिच्छेद 14 वाचा. ख्रिस्तसभेत असूनही जो प्रीतीत टिकत नाही, जो शरीराने आत आणि मनाने बाहेर, त्याचं तारण होत नाही, आणि त्याचा न्यायही अधिक कडक. हे आपल्याला लिहिलंय, काकूंना नाही.

आई, चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) 901 प्रमाणे फादर जिवंत वा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात. स्नानसंस्काराची अट नाही. रविवारी चर्चच्या ऑफिसात काकूंचं नाव आणि तारीख दे. घोषणेत नाव वाचायचं असेल तर मात्र आधी त्यांच्या मुलांना विचार.

तुमची,
ताई