भाडेकरू खाली करत नसेल तर (फ्लॅट भाड्याने दिलेल्या मेंबर्सनी नक्की वाचा)

नमस्कार मंडळी, परवा रात्री आपल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एका ओनरनी भाडेकरूचा मेन स्विच पाडून मीटरचा फ्यूज काढून नेला, आत ताप आलेलं लहान पोर होतं, जिन्यात मोबाईलच्या टॉर्चवर औषध मोजून दिलं त्याच्या आईने. प्लीज असं कोणीही करू नका. भाडं थकलं असलं तरी लाईट-पाणी तोडणं हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 खाली गुन्हा आहे, कुलूप बदलणं, सामान बाहेर फेकणं हेही चालत नाही.

लिव्ह अँड लायसन्सची (ठराविक मुदतीसाठी घर राहायला देण्याच्या कराराची) मुदत संपली आणि माणूस हलत नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली असे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करायचा, समन्स मिळाल्यावर भाडेकरूला 30 दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहील तितके दिवस दुप्पट भाडं लागतं. पण ॲग्रीमेंट रजिस्टर पाहिजे!! ती जबाबदारी ओनरचीच, कलम 55. नोटरीवर भागवलंय त्यांनी याच महिन्यात रजिस्टर करून घ्या आणि कॉपी ऑफिसात द्या.

– सेक्रेटरी