मेणवलीच्या घाटावरच्या माणसांनो, आभार!

ज्यांच्या लग्नाचे फोटो मी काढले, त्यांच्याच लेकीचे फोटो काढायला रविवारी वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. सोबत दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, मित्रमंडळी. नाना फडणवीसांच्या घाटावर कोवळं ऊन उतरलं आणि नेमका वाऱ्याने उजेड चेहऱ्यावर परतवणारा रिफ्लेक्टर उडून कृष्णेत पडला. धुणं तसंच टाकून पाण्यात उतरलेल्या मावशी, नंतर तो तासभर धरून उभी राहिलेली दोन पोरं, तुमचे मनापासून आभार! आणि बाळ रडायला लागल्यावर तिला वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा दाखवणारे काका, तुमचे किती मानू? घंटेकडे बघून ती जी खुदकन हसली, तो फोटो आता आजोबांच्या दिवाणखान्यात लागतोय. नावं विचारायची राहिली. तुमच्या प्रती घेऊन येत्या रविवारी घाटावर येतोय.